रत्नागिरीला कधी पाठवायचं

देवरूख,
मृग लागून आठवडा झाला

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, पुन्हा साथ आली तर देवरूखला आयसीयूच्या किती खाटा लागतील?" मी आकडा दिला नाही म्हणून तू फणकारलास. पुढच्या महिन्यात तू इथे सरकारी रुग्णालयात रुजू होणार. तालुक्याचा साथीचा आराखडा लिहिण्याचं काम सगळ्यात नव्या डॉक्टरच्या गळ्यात पडतं, ते तुझ्याही पडेल. त्यात आपल्या मुंबईच्या गावकरी मंडळाने दोन व्हेंटिलेटर घेऊन द्यायचं मनावर घेतलंय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मध्येच "हो, माहितेय" म्हणतोस. पत्रात तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. जन्मभर मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते, शेवटची वर्षं अतिदक्षता विभागाची इन्चार्ज, आणि निवृत्ती तोंडावर आली असताना कोविड आला. त्यामुळे खाटेचा विषय निघाला की ती कुठे मांडायची याच्या आधी मी विचारते, रात्री तीन वाजता तिच्यापाशी कोण उभं असणार आहे?

हिशेब करून बघ. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला एक सिस्टर लागते, फार ओढाताण झाली तर दोघांत एक. म्हणजे मंडळाच्या दोन व्हेंटिलेटरना प्रत्येक पाळीत किमान एक सिस्टर. दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सात दिवस, त्यात साप्ताहिक सुट्टी, रजा, आणि साथीत ती स्वतः आजारी पडेल तेही धर. एक जागा अखंड भरलेली ठेवायला पाच माणसं लागतात. नळी घालता येणारा डॉक्टर आठही प्रहर हाकेच्या अंतरावर हवा. सक्शन करणारा, कूस बदलायला हात लावणारा, जमीन पुसणारा हवा. रक्तातल्या वायूंची तपासणी रात्री करून देणारं कुणी हवं. एवढं सगळं देवरूखला उभं राहील का? दोन दिवस राहील. उद्घाटनाच्या दिवशी तर नक्कीच राहील. नंतर ती यंत्रं प्लॅस्टिकच्या आवरणात कोपऱ्यात जातील आणि दर वर्षी डेडस्टॉकच्या नोंदीत मोजली जातील.

पुण्यात 2020 च्या ऑगस्टमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं केलं. आठशे खाटा, त्यातल्या दोनशे अतिदक्षतेच्या. मांडव, नळ्या, खाटा काही आठवड्यांत झाल्या, पण पहिल्या दिवसांत तिथे जो गोंधळ उडाला तो मुख्यतः माणसांचा होता. पंगतीत पानं मांडली, पाहुणे बसले आणि वाढपीच आले नाहीत, तसं. पुढे माणसं आली, शिकली, तेव्हा तेच रुग्णालय नीट चाललं. ज्यांच्या घरची माणसं त्या पहिल्या दिवसांत गेली, त्यांना मात्र नंतरच्या सुधारणेचं काय?

अतिदक्षता विभाग ही गोष्टच मुळात हातांतून जन्मली आहे, हे तुला कॉलेजात शिकवलं असेल, पण परीक्षेत विचारत नाहीत म्हणून विसरला असशील. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास अडकलेली मुलं रोज येत होती आणि लोखंडी फुप्फुसाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं की गळ्याला भोक पाडून नळी घाला आणि पिशवी हाताने दाबा. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने त्या पिशव्या दाबल्या. जी मुलं खात्रीने गेली असती त्यातली बरीच वाचली. जगातला आधुनिक अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला असं मानतात. यंत्रं मागून आली. आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी यंत्र येतं, त्याच्यासोबत फोटो येतो, आणि माणूस कंत्राटावर, साथ संपली की घरी. 2021 मध्ये केंद्राकडून मराठवाड्यात आलेले व्हेंटिलेटर चालत नाहीत हा वाद थेट औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. यंत्र मिळणं आणि यंत्र चालणं यात किती अंतर असतं ते त्या निमित्ताने सगळ्या महाराष्ट्राने वाचलं.

म्हणून माझं म्हणणं असं. देवरूखने आयसीयूचा हट्ट धरू नये. देवरूखने तीन गोष्टी इतक्या चोख कराव्यात की जिल्ह्याला हेवा वाटेल: प्राणवायूचा वॉर्ड, रुग्ण वेळेवर आणि नीट पाठवणं, आणि बरा होत आलेला रुग्ण परत घेणं. तिसरी गोष्ट कुठल्याच आराखड्यात नसते. तिच्याबद्दल पुढे लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त खाटा तिथेच सापडतात.

आधी प्राणवायू. लिटरचा हिशेब तोंडपाठ कर, तुझ्या सिस्टरांकडूनही करून घे. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर वायू. मिनिटाला दहा लिटर दिले तर साडेअकरा तास. तेच हाय फ्लोवर मिनिटाला साठ लिटर सोडले तर दोन तासही नाही. हवेतून प्राणवायू काढणारा प्रकल्प मिनिटाला दोनशे लिटरचा असेल तर त्यावर दहा लिटरवाले वीस रुग्ण राहतील, पण साठ लिटरवाले तीनच. कुणीतरी चांगल्या भावनेने दोन हाय फ्लो यंत्रं देईल आणि तुझ्या वॉर्डातल्या बारा रुग्णांचा वायू ती दोघं ओढून घेतील. दात्याला हे समजावून सांगणं अवघड असतं. तरी सांग.

शिवाय तो प्रकल्प विजेवर चालतो, हे कोकणात विसरून चालणार नाही. दुसरी लाट टिपेला असताना, 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि गावंच्या गावं अंधारात गेली. वीज गेली की प्रकल्प थांबतो, कॉन्सन्ट्रेटर थांबतात, आणि उरतो तो फक्त सिलिंडर. तेव्हा प्रकल्प कितीही मोठा असो, भरलेले सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून उभे हवेत, आणि ते उघडायचा पाना तिथेच टांगलेला हवा. हसू नकोस. पाना स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली फार्मासिस्टच्या खिशात आणि फार्मासिस्ट साखरप्याला, असं होतं. जनरेटरला डिझेल किती आहे ते दर सोमवारी स्वतः बघ. प्रकल्प साथ नसतानाही आठवड्याला चालव आणि शुद्धता मोजून वहीत लिही. ती 93 टक्क्यांच्या आसपास यायला हवी. 2022 च्या डिसेंबरात देशभर रंगीत तालीम झाली तेव्हा सगळीकडे यंत्रं पुसली गेली. त्यानंतर कुठे कुठे पुसली गेली, देव जाणे.

नाशिकची गोष्ट तू विद्यार्थी असताना पेपरात वाचली असशील. 21 एप्रिल 2021, झाकीर हुसेन रुग्णालय. टाकी भरताना गळती लागली, दाब पडला आणि बावीस माणसं गेली. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग. पुन्हा त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तसाच प्रकार. खाटा वाढवताना लोक डोकी मोजतात, वायरिंगवर किती भार पडतो ते मोजत नाहीत. दहा खाटांसाठी टाकलेल्या वायरवर वीस खाटांचे मॉनिटर, पंप, एसी लावले आणि त्या खोलीत प्राणवायू मुरलेला असला तर काय होणार? तुझ्या वॉर्डात एक खाट वाढवायची झाली तर आधी इलेक्ट्रिशियनची सही घे, मग माझी आठवण काढ.

आता पाठवण्याचं.

आपल्या लोकांच्या मनात एक पक्कं बसलं आहे: रत्नागिरीला नेलं की माणूस परत येत नाही. 2021 मध्ये हे वाक्य घराघरात ऐकू यायचं. त्याला कारणही होतं. माणूस शेवटच्या घटकेला पाठवला जायचा, वाटेत किंवा पोचल्यावर जायचा, आणि त्या वेळच्या नियमाने अंत्यविधीही तिकडेच व्हायचा. घरच्यांना मुखदर्शनसुद्धा नाही. मग शेजारचा आजारी पडला की तो म्हणायचा, काय व्हायचं ते इथेच होऊ दे. तो थांबायचा, बिघडायचा, अगदीच श्वास लागला की घरचे घाबरून गाडी बोलवायचे, आणि पुन्हा तेच. उशिरा पाठवल्यामुळे भीती, भीतीमुळे आणखी उशीर. हे चक्र पत्रकं वाटून तुटत नाही. पहिले दहा जण लवकर पाठव, त्यातले आठ चालत घरी आलेले वाडीने बघितले की आपोआप तुटतं. आकडा अंदाजाने लिहिते आहे, तो आराखड्यात घालू नकोस.

लवकर म्हणजे किती लवकर, हे तू विचारशीलच. कागदावरची रेघ तुला माहीत आहे. 94 च्या खाली दाखल, 90 च्या खाली गंभीर, श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेला की गंभीर. पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नकोस. ते 94 टक्के टिकवायला किती लिटर लागतात ते बघ. सकाळी चार लिटरवर 94 होता, दुपारी आठवर 94, संध्याकाळी दहावर 94. चार्टवर तिन्ही वेळा तोच आकडा, आणि राउंड घेणारा म्हणतो स्थिर आहे. स्थिर कुठला? माणूस जिना उतरतो आहे. माझ्या हाताखालच्या मुलींना मी चार्टवर लिटरचा आकडा टक्क्यांच्या वर, मोठ्या अक्षरात लिहायला लावायची. लिटर दुप्पट झाले की पाठवायची तयारी सुरू. त्या वेळी तो सहा-आठ लिटरवर बसून चहा पितो, त्याच्याशी बोलता येतं, घाटातली वळणं तो सोसू शकतो. पंधरा लिटरवर पंचाऐंशी टक्के झाल्यावर त्याला गाडीत घालणं म्हणजे आपल्या दारात मरायचा तो हातखंब्याला मरू दे असं म्हणणं. कठोर वाटलं तरी मी हेच लिहिणार.

शक्यतो दुपारच्या राउंडला ठरव. संध्याकाळ व्हायच्या आत तो तिकडच्या खाटेवर हवा. रात्री दोनला पाठवलेल्या रुग्णाला तिकडेही रात्री दोनचीच माणसं भेटतात.

गाडीचा हिशेब वेगळा कर. देवरूखहून रत्नागिरी पावसात दीड तास धर. मिनिटाला पंधरा लिटर म्हटले तर झाले साडेतेराशे लिटर. गाडीतला छोटा सिलिंडर भरलेला असला तर पंधराशेचा. म्हणजे झाड आडवं पडलं, ट्रक उलटला, की संपलं. म्हणून लागेल त्याच्या दुप्पट घेऊन निघायचं, हा नियम कुठल्याही अधिकाऱ्यासाठी मोडायचा नाही. 2014 पासून 108 च्या गाड्या आहेत, मोफत आहेत, डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राची मोठी कमाई आहे. पण त्यातल्या बहुतेक साध्या जीवरक्षणाच्या आणि थोड्याच व्हेंटिलेटरवाल्या. साथीत व्हेंटिलेटरवाली गाडी तुझ्या वाट्याला कधी येईल ते सांगता येत नाही. तेव्हा साध्या गाडीतून जाऊ शकेल अशा अवस्थेत रुग्ण पाठवणं हीच तुझी खरी अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅम्ब्युलन्स.

निघण्याआधी डॉक्टरने डॉक्टरला फोन करायचा. क्लार्कने क्लार्कला नव्हे. "खाट आहे का?" असं विचारू नकोस, त्याला उत्तर "बघतो" असं येतं. "पन्नाशीचा गृहस्थ, मधुमेह आहे, आठ लिटरवर 92, श्वास 28, चार वाजता पोचेल, कुणाच्या नावाने उतरवू?" असं विचार. समोरच्याचं नाव आणि वेळ कागदावर लिही आणि तो कागद रुग्णाच्या अंगावर, उशीखाली नव्हे. नळ्या, सुया घाटात निसटतात, त्या निघण्याआधी पुन्हा चिकटव. लघवीची पिशवी रिकामी कर. मॉनिटरची बॅटरी बघ. उलटीची तयारी ठेव, आपली वळणं धडधाकट माणसालाही सोसत नाहीत.

आणि एक छोटी पिशवी. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, मोबाइल, चार्जर, रोजच्या गोळ्यांची पाकिटं, घरच्यांचे दोन फोन नंबर मोठ्या अक्षरात. डॉक्टर लोकांना ही बायकी कटकट वाटते. मी वॉर्डात बघितलं आहे, चष्मा आणि कवळी नसलेला म्हातारा दोन दिवसांत भ्रमिष्ट होतो, मास्क उपटून टाकतो, मग त्याला बांधतात, गुंगीचं देतात, आणि तो आणखी बिघडतो. चार्जर असला तर त्याला नातवाचा आवाज ऐकू येतो. मी हे औषधातच धरते.

कुठे पाठवायचं हे रुग्ण दारात आल्यावर ठरवायचं नसतं. आपल्याला तीन दिशा आहेत. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, तिथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. उत्तरेला सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय. आणि पूर्वेला आंबा घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. कागदावर तीन, पावसात किती ते सांगता येत नाही. 2021 च्या जुलैत, कोविड चालूच असताना, 22 तारखेला चिपळूण पाण्याखाली गेलं. पुराने वेढलेल्या एका कोविड रुग्णालयात वीज गेली आणि तिथले आठ रुग्ण दगावले. त्याच पावसात आंबा घाटात रस्ता खचला आणि अवजड गाड्या पुढे कितीतरी काळ बंद होत्या. म्हणजे उत्तरेला पूर आणि पूर्वेचं दारही जवळपास बंद. साथ आणि पूर वेगवेगळ्या फायलींत असतात, येतात मात्र एकत्र. तुझ्या आराखड्यात प्रत्येक दिशेपुढे "हा रस्ता बंद झाला तर" असा रकाना हवा, आणि हवामान खात्याचा लाल इशारा आला की दहा लिटरच्या वरचे रुग्ण पाऊस सुरू व्हायच्या आधीच हलवायचे.

मुंबईने हे एका रात्रीत करून दाखवलं. 2021 च्या एप्रिलच्या मध्याला पालिकेच्या सहा रुग्णालयांत प्राणवायू कमी पडणार हे दिसलं. संपलेला नव्हता, काही तासांत संपणार होता. त्या रात्रीत 168 रुग्ण दुसरीकडे हलवले आणि सगळे सुखरूप पोचल्याचं पालिकेने सांगितलं. पेपरात ती बातमी टंचाईची म्हणून आली. आम्हा वॉर्डातल्या लोकांना ती शहाणपणाची वाटली. नाशिकला टाकीला गळती लागली ती अचानक, तिथे कुणाला तास मिळाले नाहीत. इथे मिळाले आणि वापरले गेले. आणखी एक मुंबईकडून घे. 2020 च्या जूनपासून चोवीस वॉर्डांत चोवीस वॉर रूम होत्या, आणि खाट कोणाला द्यायची ते तिथून ठरायचं. नातेवाइकांनी पंधरा रुग्णालयांना फोन करत फिरायचं, ज्याची ओळख त्याला खाट, हे बरंचसं थांबलं. पुरतं थांबलं असं मी म्हणणार नाही, मीही त्याच शहरात होते. तालुक्याला वॉर रूम नको, एक फोन आणि त्यावर बसणारा एक थंड डोक्याचा माणूस पुरे. शिक्षक चांगले असतात या कामाला. त्यांना वही नीट ठेवायची सवय असते आणि पुढाऱ्याच्या फोनला "थांबा, ओळीत आहात" म्हणायची थोडी हिंमतही.

युरोपात तर रुग्ण रेल्वेने हलवले. 2020 च्या मार्चअखेर फ्रान्सने स्ट्रासबुर्गचे वीस गंभीर रुग्ण अतिवेगवान गाडीतून पश्चिमेला नेले. जर्मनीने राज्यांचे पाच गट पाडून कोणाचं ओझं कोणी घ्यायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. आपल्याला रेल्वे नको. मात्र यामागचा विचार घेण्यासारखा आहे, की लाट सगळीकडे एकाच दिवशी टिपेला जात नाही. 2021 मध्ये मुंबईची लाट एप्रिलच्या सुरुवातीलाच टिपेला गेली. आपला जिल्हा जूनमध्येही चौथ्या स्तराच्या निर्बंधात होता आणि मेअखेर सरकारने आपल्यासह अठरा जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद केलं होतं. म्हणजे आपण बुडत असताना मुंबईत खाटा रिकाम्या होत होत्या. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी येतात तशी लाटही तिकडून इकडे येते, काही आठवडे मागून. ते काही आठवडे ही आपल्याला मिळालेली देणगी आहे. नंदुरबारसारख्या डोंगराळ, आदिवासी जिल्ह्यात जिल्हाधिकारी राजेंद्र भारुड यांनी 2020 मध्ये पहिली लाट ओसरत असतानाच प्राणवायूचा प्रकल्प उभा करायला घेतला होता. दुसऱ्या लाटेत सगळे टँकरच्या मागे धावत होते तेव्हा तो जिल्हा त्यातल्या त्यात स्वतःच्या पायावर उभा होता. जिल्हाधिकारीच डॉक्टर असल्याचा फायदा, असं लोक म्हणाले. मला वाटतं, निवांत दिवसांत घाई केल्याचा फायदा.

आता ती तिसरी गोष्ट. रत्नागिरीच्या आयसीयूत तुझा रुग्ण दहा दिवस झगडला, बरा होत आला, दोन-तीन लिटरवर आला. त्याला तिथल्या खाटेची गरज उरली नाही. पण घरी सोडण्याइतका तो बरा नाही, खालच्या वॉर्डात जागा नाही, म्हणून तो तिथेच पडून राहतो. त्याच वेळी आपल्या तालुक्यात दुसरा कुणी दहा लिटरवर वाट बघत असतो. तो बरा होत आलेला माणूस तू देवरूखला परत घेतलास तर रत्नागिरीत आयसीयूची एक खाट तयार झाली. एकही व्हेंटिलेटर विकत न घेता. त्याला इथे प्राणवायू मिळेल, व्यायाम मिळेल, घरची पेज मिळेल, आणि बायको खिडकीतून दिसेल. रुग्ण सोडून परत निघालेली गाडी रिकामीच येते. स्वच्छ पुसून त्यातून आणता येईल, पण 108 चे नियम त्याला आड येतील, तेव्हा जिल्हा शल्यचिकित्सकांशी हे साथीच्या आधी लेखी ठरवून घे: एक पाठवू, एक परत घेऊ. हे जमलं तर लक्षात ठेव, तिकडचे डॉक्टर तुझा फोन पहिल्या घंटीला उचलतील. जो नुसता पाठवतो त्याचा फोन कुणी उचलत नाही.

आणि वाडीच्या भीतीवरही हाच उतारा. रत्नागिरीहून परत आलेला माणूस देवरूखच्या वॉर्डात बसून शेजारच्या खाटेवरच्याला सांगतो, "मी जाऊन आलो." तुझी माझी हजार वाक्यं त्यापुढे फिकी.

एक नकोसं लिहायचं राहिलं, ते लिहूनच टाकते. काही जणांना पाठवायचं नसतं. नव्वदीची आजी, वर्षभर अंथरुणाला खिळलेली, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. तिला दीड तास घाटातून नेऊन अनोळखी दिव्याखाली झोपवण्यात कुणाचं भलं? अशा वेळी इथेच ठेव, प्राणवायू दे, धाप कमी होईल असं औषध दे, एका माणसाला संरक्षक पोशाख घालून जवळ बसू दे. पण हा निर्णय एकट्याने घेऊ नकोस. दोन डॉक्टर आणि घरचं माणूस, तिघांनी बसून, कारण लिहून. निकष आधी कागदावर ठरलेले हवेत. ते सरपंचाच्या आईला आणि मोलकरणीच्या आईला सारखेच लागू हवेत. आणि खाट नाही म्हणून पाठवलं नाही, तर तसंच लिही. "पाठवण्याजोगी नव्हती" असं खोटं लिहू नकोस. पुढच्या आराखड्यात तीच नोंद कामाला येते.

हात कुठून आणशील? आपल्या तालुक्यात खासगी दवाखानेवाले आहेत, आयुर्वेदाचे वैद्य आहेत, दंतवैद्य आहेत, मुंबई-पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत. आशाताई तर आहेतच, त्यांचा मात्र आधी थकलेला मोबदला द्या आणि मग बोलवा. पावसाळ्यात महिन्यातून एका दुपारी यांना बोलावून चार गोष्टी हातात बसव: पालथं कसं झोपवायचं, मास्क कसा लावायचा, सिलिंडर कसा बदलायचा, चार्टवर लिटर कसे लिहायचे. कोपनहेगनच्या पोरांना यापेक्षा जास्त येत नव्हतं. आपल्या मावशी हळब्यांनी 1954 साली इथे मातृमंदिर सुरू केलं तेही दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून. या गावाला थोड्या खाटा नीट सांभाळण्याची सवय आहे, त्या सवयीला हाक घाल.

राहिलं मंडळ. त्यांचा उत्साह मोडू नकोस, नाव कोरायला जागा दे. व्हेंटिलेटरच्या पैशात मॉनिटर माग, छोटे सिलिंडर आणि त्यांचे रेग्युलेटर माग, घडीचं स्ट्रेचर माग, जनरेटर आणि पाच वर्षांच्या देखभालीचा करार माग. अध्यक्षांना करार ही वस्तू पटणार नाही, तिचा फोटो येत नाही. त्यांच्याशी मी बोलेन. ते माझ्या वर्गात होते, अजून मला घाबरतात.

तू मिरजेहून येताना आंबा घाटानेच येशील. गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे. तू घड्याळ आणि वही घेऊन बस. मलकापूरपासून देवरूखपर्यंत मोबाइलची रेंज कुठे कुठे जाते, कुठे परत येते, आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या तर थांबायला जागा कुठे आहे, ते लिहून आण. रत्नागिरीच्या रस्त्याची तशी यादी मी दादाकडून करून घेतली आहे, ती या पत्रासोबत जोडते. दादाचं अक्षर लागलं नाही तर वहिनीला विचार.

छत्री आण. रेनकोट इथे कामाचा नाही.

तुझी,
आत्या